पापण्यांची जुनाट सूज, कोरडे डोळे आणि ताटातील साखर

सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असणे, त्यांच्या कडांवर कोंड्यासारखी खपली धरणे, दुपारी तीन-चारच्या सुमारास डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागणे आणि वर्षातून दोन-तीनदा रांजणवाडी येणे, हा त्रास ज्यांना वर्षानुवर्षे आहे त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बहुधा एकच उत्तर मिळालेले असते: हा आजार मुळापासून जात नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो. हे उत्तर ऐकून मला आता नऊ वर्षे झाली. शेक, पापण्यांची स्वच्छता आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब या तीन गोष्टींवर त्यातील बरीच वर्षे गेली. आहाराकडे लक्ष गेले ते नेहमीच्या रक्ततपासणीत साखर सीमारेषेवर आल्यानंतर. दाह कमी करणारा आणि साखर कमी असलेला आहार डोळ्यांच्या जुनाट तक्रारींसाठी प्रत्यक्षात कसा पाळावा, त्याची सुरुवात कोठून करावी आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे येथे क्रमाने मांडले आहे. आहारामुळे थेंब बंद होत नाहीत, ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. ज्यांच्या रक्तातील साखर वाढलेली आहे त्यांच्या बाबतीत मात्र ताटातील बदलाचे वजन पुष्कळदा थेंबांच्या बाटलीपेक्षा जास्त भरते.

आधी दुखण्याचे नाव पक्के करावे

‘डोळ्यांचा जुना त्रास’ या शब्दांत एकमेकांशी फारसा संबंध नसलेले अनेक आजार मावतात आणि प्रत्येक ठिकाणी आहाराचा वाटा वेगळा असतो. त्यामुळे स्वयंपाकघरात काही बदलण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून निदान लिहून घ्यावे.

पापण्यांची जुनाट सूज आणि तिच्यामुळे येणारा कोरडेपणा यांचे मूळ पापण्यांतील तैलग्रंथींमध्ये असते. वरच्या पापणीत साधारण पंचवीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस सूक्ष्म ग्रंथी ओळीने उभ्या असतात. डोळ्यांची उघडझाप होताना त्यांतून निघणारे तेल अश्रूंवर पातळ थरासारखे पसरते आणि अश्रू लवकर वाळू देत नाही. ग्रंथींना सूज आली की हे तेल घट्ट होते. हिवाळ्यात न्हाणीघरातील खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि उपडी केली तरी तिच्यातून थेंब पडत नाही, तशीच काहीशी स्थिती पापणीच्या कडेला होते. डॉक्टर शेक द्यायला सांगतात त्याचे कारण हेच. तेल पोहोचले नाही की अश्रू उडून जातात, डोळा कोरडा पडतो, कोरड्या डोळ्याला पुन्हा सूज येते आणि हे चक्र चालू राहते.

येथे साखरेचा संबंध कसा येतो? पापणीतील या ग्रंथी त्वचेतील तैलग्रंथींच्याच कुळातल्या आहेत. साखर आणि पटकन पचणारे पिष्ट खाल्ले की रक्तातील इन्सुलिन झपाट्याने वाढते आणि ते तैलग्रंथींना चेतवते. ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर झालेला बारा आठवड्यांचा एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला; त्यात रक्तातील साखर सावकाश वाढवणारा आहार घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावरील मुरुमे इतरांपेक्षा अधिक कमी झाली होती. हा पुरावा चेहऱ्याच्या त्वचेवरचा आहे, पापणीवरचा नाही, एवढा फरक लक्षात ठेवूनच पुढचा खटाटोप करावा. पण रांजणवाडी पुन्हापुन्हा येत असेल तर साखर तपासून घ्यावी, हा सल्ला जुनाच आहे आणि तो पाळण्यासारखा आहे, कारण मधुमेहात पापण्यांचा जंतुसंसर्ग सहज होतो आणि अश्रूंचे प्रमाणही घटते.

मधुमेहामुळे दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्यावर, होणारा परिणाम ही याहून गंभीर बाब आहे आणि तेथे पुरावाही भक्कम आहे. अमेरिका आणि कॅनडा येथे पहिल्या प्रकारच्या मधुमेहींवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली जाहीर झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवणाऱ्यांमध्ये पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींवरील ब्रिटनमधील अभ्यासानेही १९९८ साली त्याच दिशेचे निष्कर्ष दिले. वयोमानाने होणारी पडद्याच्या मध्यभागाची झीज हा तिसरा प्रकार. तेथे हिरव्या पालेभाज्या आणि मासे यांचा भरपूर समावेश असलेला आहार उपयोगी दिसतो. काचबिंदू आणि पिकलेला मोतीबिंदू यांवर मात्र आहार हा उपचार होऊ शकत नाही. काचबिंदूचे थेंब ‘पथ्य चालू आहे’ म्हणून सोडणाऱ्यांची गेलेली नजर परत येत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

तीन गोष्टी आधी करून घ्याव्यात. पहिली, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तसाखरेची सरासरी दाखवणारी तपासणी. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था समजतात, ६.५ किंवा त्याहून अधिक आल्यास डॉक्टर ती तपासणी पुन्हा करून मधुमेहाचे निदान पक्के करतात. दुसरी, बाहुली विस्तारणारे थेंब घालून केलेली दृष्टिपटलाची तपासणी. या तपासणीनंतर तीन-चार तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये आणि काळा चष्मा बरोबर ठेवावा.

मधुमेहींनी ही दुसरी तपासणी आहार बदलण्याच्या आधीच करून घ्यावी, याला एक विशेष कारण आहे. बराच काळ वाढलेली साखर एकदम खाली आणली तर पडद्याचा आधीपासून असलेला विकार काही काळ बळावू शकतो. वर उल्लेखलेल्या १९९३ सालच्या अभ्यासातही हे दिसले होते. दीर्घकाळात फायदाच होतो, पण पडद्याची अवस्था माहीत असल्याशिवाय उत्साहाच्या भरात भात आणि पोळी एकाच दिवशी बंद करणे शहाणपणाचे नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे औषधांची यादी घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटणे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना पिष्ट कमी केले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. दरदरून घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे होत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत, कारण त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पालेभाज्या आणि कडधान्ये यांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे लागते. याच भेटीत आणखी एक विचारावे: सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन डोळे कोरडे करतात. कारण गोळीत असेल तर ताट बदलून काय होणार?

पहिला आठवडा फक्त मोजण्याचा

या आठवड्यात काहीही बदलू नये. एक साधी वही घ्यावी, तिच्यात दिवसभरात तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ लिहावा आणि सकाळी व संध्याकाळी डोळ्यांच्या त्रासाला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यावा. खुपणे, चिकटणे आणि लाली यांना वेगवेगळे आकडे दिले तर पुढे उपयोग होतो. झोप किती झाली, पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत किती वेळ बसणे झाले, हेही एका शब्दात नोंदवावे. अन्यथा पंख्याचा दोष पोह्यांच्या माथी मारला जातो.

साखर मात्र वजनकाट्यावर मोजावी. माझ्या घरचा चहाचा चमचा सपाट भरला तर चार-पाच ग्रॅम साखर मावते, पण आमच्याकडे चमचा सपाट कधी भरलाच जात नव्हता. शिगोशीग भरलेल्या चमच्याचे वजन सात ग्रॅम निघाले. दर कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे छप्पन्न ग्रॅम साखर, आणि तीही गोड पदार्थाला हात न लावता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर ती पाच टक्क्यांपर्यंत आणावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम असा होतो. वहीतील आकडा या दोन रेघांच्या कोणत्या बाजूला पडतो, ते पाहावे. बहुतेकांचा आकडा पहिल्या दिवशीच ठरलेला असतो, कारण आपल्याकडे साखर मिठाईपेक्षा चहातूनच जास्त पोटात जाते.

चहा, गूळ आणि पाकिटे

चहा सोडण्याचा संकल्प करू नये. तो टिकत नाही. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करावा. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत जीभ सरावते आणि मग दुसऱ्याच्या घरचा चहा पाकासारखा लागू लागतो. आले, वेलची किंवा गवती चहा वाढवल्यास साखरेची उणीव कमी जाणवते. कार्यालयातील यंत्राच्या चहाच्या भुकटीत बहुधा साखर आधीच मिसळलेली असते, तेव्हा तेथे ‘बिनसाखरेचा’ हे बटण आहे की नाही, ते पाहावे.

साखरेऐवजी गूळ वापरला की पथ्य झाले, ही समजूत घराघरांत आहे आणि तिच्यामुळे होणारे नुकसान मी स्वतः तीन महिने करून घेतले आहे. गुळात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात, पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो, मधाचेही तसेच. शिवाय गूळ ‘चांगला’ म्हणून आपला हात सैल सुटतो. कृत्रिम गोडी देणाऱ्या गोळ्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेला सल्ला असा आहे की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आपल्या दृष्टीने मुख्य अडचण एवढीच की अशा गोळ्यांनी जिभेची गोडाची सवय मोडत नाही.

यानंतर पाकिटे. मागील बाजूचा तक्ता वाचताना ‘दर १०० ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर’ ही ओळ शोधावी आणि घटकांच्या यादीत ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावे दिसतात का ते बघावे. ती साखरेचीच भावंडे आहेत. टोमॅटो सॉस, न्याहारीचे तयार फ्लेक्स, फळांच्या चवीचे दही आणि आरोग्याच्या नावाखाली विकली जाणारी बिस्किटे यांत ती हमखास सापडतात. सामान्य शीतपेयाच्या शंभर मिलिलिटरमध्ये दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे एका लहान बाटलीत दिवसाचा पंचवीस ग्रॅमचा कोटा संपतो. उसाचा रस आणि बाटलीतील कोकम सरबत यांचा हिशेबही याच रकान्यात करावा. सोलकढी मात्र साखर न घालता चालते, आणि ताक तर चालतेच.

पिष्टाचे प्रमाण

साखर उतरल्यावरच भात, पोळी आणि पोहे यांच्याकडे वळावे. दोन्ही गोष्टी एकदम केल्या तर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही आणि भूकही अनावर होते.

ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर यांचा, पाव भाग उसळ, आमटी, अंडी किंवा मासे यांचा आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात यांचा, हे साधे माप डोळ्यांसमोर ठेवावे. आपल्या नेहमीच्या ताटात हे गणित नेमके उलटे असते. तीन पोळ्या किंवा भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी. ज्वारी किंवा बाजरीची भाकरी घेतल्यास एका भाकरीत पोट भरते, आणि ती पिठल्याबरोबर खाल्ली तर डाळीच्या पिठातून प्रथिनेही मिळतात. नाचणीविषयी एक सावधगिरी: भाकरीतील नाचणी ठीक, परंतु गाळलेल्या सत्त्वाची पातळ, गोड खीर साखर झपाट्याने वाढवते. कोकणात आणि गोव्यात भाताशिवाय जेवण होत नाही, तेथे भात सोडण्याचा आग्रह व्यर्थ आहे. उकडा तांदूळ घ्यावा, वाटी ठरवून घ्यावी आणि ताटात बांगड्याला जास्त जागा द्यावी.

खाण्याच्या क्रमानेही फरक पडतो. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी किंवा भात, असे जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली केल्यास तिचा आणखी उपयोग होतो. या दोन्ही गोष्टींना पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा त्यांची जाहिरात होत नाही.

न्याहारीला पोहे करायचे असतील तर पोहे निम्मे घेऊन त्यांत मटार, मोड आलेली मटकी, शेंगदाणे आणि भरपूर कांदा घालावा. थालीपीठ आणि दही, मुगाचे धिरडे, उकडलेली अंडी हे याहून बरे पर्याय आहेत. उपवासाच्या दिवशी मात्र पथ्याची खरी परीक्षा असते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर रताळ्याचा कीस आणि शेवटी गोड दही. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, सुरण, काकडी आणि ताक यांवर उपवास करता येतो. भगरही पिष्टच आहे, तेव्हा ती वाटीभरच घ्यावी.

दाह कमी करण्यासाठी ताटात काय वाढवावे

केवळ वगळण्याचे पथ्य कोरडे असते आणि फार दिवस चालत नाही. वाढवायच्या गोष्टींत पहिला मान पालेभाज्यांचा. पालक, मेथी, माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांत ल्युटिन आणि झिॲक्सँथिन ही पिवळी द्रव्ये असतात आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागी हीच द्रव्ये साठलेली असतात. ती चरबीत विरघळतात, त्यामुळे भाजी तेलाच्या फोडणीशिवाय नुसती उकडून खाण्यात शहाणपणा नाही. अंड्याच्या बलकातील ल्युटिन शरीरात चांगले शोषले जाते, म्हणून बलक काढून टाकून पांढरे तेवढे खाण्याची सवय डोळ्यांच्या कामाची नाही. वयोमानाच्या झिजेवर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा आधार असलेला अमेरिकेतील दुसरा मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मात्रा दहा मिलिग्रॅम ल्युटिन आणि दोन मिलिग्रॅम झिॲक्सँथिन अशी होती. या गोळ्या ज्यांची झीज मध्यम टप्प्यावर पोहोचली आहे त्यांच्यासाठी आहेत. पापणीच्या सुजेवर किंवा कोरड्या डोळ्यांवर त्या घेण्याचे कारण नाही. बीटा-कॅरोटीन असलेल्या जुन्या मिश्रणाच्या गोळ्या धूम्रपान करणाऱ्यांनी आणि पूर्वी करत असलेल्यांनीही टाळाव्यात, कारण त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला आहे.

दुसरी गोष्ट मासे. बांगडा आणि तारली हे स्वस्त, तेलकट मासे आठवड्यातून दोनदा खावेत. ते तळण्याऐवजी तिरफळ घातलेल्या कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात करावेत. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलविषयी मात्र माझे मत आता सावध झाले आहे. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांना वर्षभर दररोज तीन हजार मिलिग्रॅम ओमेगा-३ (माशाच्या तेलातील चरबीचा एक प्रकार) देऊन अमेरिकेत जो मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले: त्रास दोन्ही गटांत कमी झाला, पण ओमेगा-३च्या कॅप्सूल घेणारे आणि तुलनेसाठी ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणारे यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यामुळे महागड्या बाटलीपेक्षा बाजारातील बांगडा बरा.

शाकाहारी घरांत जवस आहे. जवसातील ओमेगा-३ माशातील प्रकारापेक्षा वेगळे असते आणि शरीरात त्याचे फारच थोडे रूपांतर होते, तरीही चोथा आणि चांगली चरबी यांसाठी रोज एक मोठा चमचा जवस घेण्यासारखे आहे. अख्खे दाणे न पचता तसेच बाहेर पडतात, म्हणून चटणी करावी. जाड बुडाच्या कढईत वाटीभर जवस मंद आचेवर ढवळत राहावे. दोन-तीन मिनिटांत दाणे तडतडू लागतात आणि कढईच्या कडेला उडतात. खमंग वास सुटला की लगेच ताटात काढावेत, कारण रंग गडद होईपर्यंत थांबल्यास चटणी कडवट होते. पूर्ण गार झाल्यावर दोन सुक्या मिरच्या, सात-आठ लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरे आणि मीठ घालून भरडसर वाटावी. मिक्सर सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो, म्हणून थांबत थांबत फिरवावा. चटणी आठ-दहा दिवस पुरेल एवढीच करावी आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत शीतकपाटात ठेवावी. दळलेले जवस लवकर खवट होते.

तेलांबाबत दोन वाक्ये पुरेत. वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेले तळणीचे तेल टाळावे. शेंगदाणा, करडई, तीळ यांपैकी घरात वापरात असलेले तेल मापात वापरावे. हळद स्वयंपाकात जशी पडते तशी पडू द्यावी, पण तिच्या तीव्र अर्काच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तंबाखू, मिश्री आणि धूम्रपान यांच्या उपस्थितीत मात्र दाह कमी करण्याच्या आहाराला काही अर्थ उरत नाही.

सणाच्या दिवशी

संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी आणि गणपतीचे मोदक नाकारण्याची गरज नाही. जेवणाच्या शेवटी, आधी भाजी-आमटी झाल्यावर, ठरवलेली एकच पोळी किंवा दोन मोदक तुपाबरोबर खावेत आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घ्यावा. अडचण सणाच्या दिवशी होत नाही. ती पुढचे चार दिवस डब्यात उरलेल्या लाडवांमुळे होते. ते डबे वाटून टाकावेत.

आहाराबरोबर चालू ठेवायच्या गोष्टी

शेक बंद करू नये. स्वच्छ सुती रुमालाची घडी सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी. ती मिनिटाभरातच निवते, म्हणून दोन रुमाल आलटून-पालटून वापरत पाच ते दहा मिनिटे पूर्ण करावीत. नंतर स्वच्छ बोटाने पापणीच्या कडेकडे हलका दाब द्यावा, वरच्या पापणीला वरून खाली आणि खालच्या पापणीला खालून वर. डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळेवर घालावेत. डोळ्यांत मध, लिंबाचा रस, गुलाबपाणी किंवा घरचे काजळ घालू नये. साखर कमी करण्याचे सारे कष्ट अशा एका प्रयोगाने वाया जातात.

बारा आठवड्यांनंतर

पापणीच्या सुजेत पहिला फरक दिसायला सहा ते आठ आठवडे तरी द्यावेत, आणि निर्णय बाराव्या आठवड्यानंतर घ्यावा. वहीतील पहिल्या आठवड्याची सरासरी शेवटच्या आठवड्याशेजारी मांडावी. माझ्या वहीत सकाळच्या चिकटण्याचा आकडा सहावरून तीनवर आला. दुपारचे खुपणे मात्र जवळजवळ तसेच राहिले, आणि ते पुढे टेबलाजवळचा पंखा हलवल्यावर कमी झाले. रांजणवाडी त्या वर्षी एकदाच आली. एका माणसाच्या वहीतून सिद्धांत निघत नाही, पण त्या माणसाने पुढे काय चालू ठेवावे, एवढे ठरवता येते.

मधुमेहींनी या काळात नवा चष्मा करण्याची घाई करू नये. रक्तातील साखर वर-खाली होते तेव्हा डोळ्यातील नैसर्गिक भिंगात पाण्याचे प्रमाण बदलते आणि चष्म्याचा नंबर हलतो. साखर उतरू लागल्यावर काही आठवडे जवळचे धूसर दिसणे यामुळेच घडते. साखर महिना-दीड महिना स्थिर राहिल्यावरच नंबर काढावा, नाहीतर भिंगांचे पैसे दोनदा भरावे लागतात. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे आणि दृष्टिपटलाची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, निदान वर्षातून एकदा, करावी.

बारा आठवडे पथ्य नीट पाळूनही आकडे हलले नाहीत, तर आणखी कडक पथ्य करत बसू नये. पापण्यांच्या मुळाशी राहणारे सूक्ष्म किडे, चेहरा लालसर होणारा त्वचाविकार किंवा तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे पाडणारा संधिवाताच्या कुळातील आजार, यांपैकी काही आहे का ते डॉक्टरांना विचारावे. भेटीला जाताना वही आणि औषधांची यादी बरोबर न्यावी. अचानक नजर जाणे, डोळ्यांपुढे एकदम काळे ठिपके आणि विजेसारखे चमकारे दिसणे, नजरेसमोर पडदा सरकल्यासारखे वाटणे किंवा लाल डोळ्यात तीव्र वेदना होऊन उजेड असह्य होणे, यांपैकी काहीही झाले तर वही घरी ठेवून त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.